पापण्यांच्या कडा लाल, चुरचुर, सकाळच्या खपल्या : घरी नेमकं काय करता?

अर्धविराम :
गेली दीड वर्षं सकाळी उठलो की पहिलं काम पापण्या सोडवण्याचं. उजवीकडे जास्त. केसांच्या बुडाशी पिवळट खपल्या, कडा लाल, आणि डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं खुपत राहतं. दुपारी जरा बरं असतं, संध्याकाळी परत चुरचुर. काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे आठ-नऊ तास अक्षरांवर नजर. त्यामुळे आधी 'नंबर वाढला असेल' म्हणून चष्मा बदलला. मग 'डोळे आलेत' असं ठरवून अँटिबायोटिकचे थेंब घातले. पाच दिवस बरं, सहाव्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या. असं तीनदा झालं. मधल्या काळात दोन रांजणवाड्याही होऊन गेल्या.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, पापणीची कड दाबून पाहिली आणि म्हणाले, ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांची सूज. कागदावर लिहिलं : 'गरम शेक, पापण्यांची स्वच्छता, दिवसातून दोनदा.' मी विचारलं, किती दिवस? तर, "करत राहायचं." पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

आता मी रोज सकाळ-संध्याकाळ टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून डोळ्यांवर ठेवतो. दहा मिनिटं. मग ओल्या कापसाने पुसतो. दोन आठवडे झाले, काडीचा फरक नाही. हे वर्षानुवर्षं करणारे इथे कुणी असतील तर नक्की काय करता ते बारकाव्यांसकट लिहा. किती गरम, किती वेळ, पुसायचं कशाने, कुठून कुठे. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया लिहू नका, तिथूनच आलोय.

बिनधोक :
डॉक्टरांना विचारा. :)

(गंमत केली. मलाही आहे हे. पथारी टाकून बसलोय, वाचतो.)

रातराणी :
अर्धविराम, माझं हे दहावं वर्ष, त्यामुळे हक्काने लिहिते.

"टॉवेल बुडवून ठेवतो, दहा मिनिटं" इथेच घोटाळा आहे. ओला टॉवेल दोन मिनिटांत कोमट होतो. उरलेली आठ मिनिटं तुम्ही डोळ्यांवर गार फडकं ठेवून पडलेले असता. मी पहिलं दीड वर्ष हेच केलं आणि 'शेकाने काही होत नाही' असं सगळ्यांना सांगत हिंडले.

आता करते ते असं. झाकणाच्या भांड्यात गरम पाणी, दोन छोटे नॅपकिन. एक डोळ्यांवर, दुसरा पाण्यात. दीड-दोन मिनिटांनी अदलाबदल. असे पाच फेरे. पाणी किती गरम? मनगटाच्या आतल्या बाजूला नॅपकिन टेकवून बघायचा. गरम लागला पाहिजे, पण हात झटकन मागे घ्यावासा वाटता कामा नये. पापणीची कातडी सगळ्यात नाजूक, तिच्यावर शौर्य गाजवू नका. पुढे मी मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मास्क घेतला, तो जास्त वेळ गरम राहतो. फक्त पाकिटावर लिहिल्यापेक्षा एक सेकंदही जास्त तापवायचा नाही, आणि हाताने दाबून मधेच कुठे चटका देणारी जागा नाही ना ते बघायचं. मी एकदा घाईत तसाच ठेवला, भुवईखाली आठवडाभर लाल पट्टा होता.

शेक संपला की लगेच मसाज. 'लगेच' हे महत्त्वाचं, फोन बघून मग नाही. डोळा मिटलेला. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडे बोट केसांच्या दिशेनेच जाणार. नाकाकडून सुरुवात करून कानाकडे सरकत जायचं. दाब किती, तर पिकलेलं फळ चाचपतो तेवढा. बुबुळ दाबलं जात असेल तर जोर जास्त होतोय.

आणि पुसणं सगळ्यात शेवटी. आधी शेकाने खपल्या भिजतात, मग त्या आपोआप निघतात. कोरड्या खपल्या नखाने काढू नका. केस पण येतात सोबत.

कनीनिका :
रातराणींनी कृती अचूक लिहिली आहे, मी फक्त त्यामागचं कारण जोडते. मी नेत्रतज्ज्ञ आहे, पण इथे बसून कुणाचं निदान करणार नाही. अर्धविराम यांचं झालेलं आहे म्हणून बोलतेय.

भिंगाच्या आरशात पापणीची कड पाहा. पुढे केसांची रांग. तिच्या मागे, डोळ्याकडच्या अंगाला, सुईच्या टोकाएवढी छिद्रं एका ओळीत दिसतील. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडं. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. वरच्या पापणीत अंदाजे २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. आपण पापणी मिटतो तेव्हा यांतून किंचित तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर त्याचा पातळ थर पसरतो. त्यामुळे अश्रूंचं पाणी उडून जात नाही. निरोगी पापणीत हे तेल स्वच्छ आणि पातळ असतं. ग्रंथी बिघडल्या की ते टूथपेस्टसारखं घट्ट होतं आणि वितळायला जास्त उष्णता मागतं. म्हणून शेक. पापणीला ४० अंश सेल्सियसच्या आसपासची ऊब सलग पाच ते दहा मिनिटं मिळावी, एवढाच त्याचा हेतू. कोमट फडक्याने डोळ्यांना बरं वाटतं, पण तेल जागचं हलत नाही.

ढोबळमानाने आजाराचे दोन प्रकार. एक कडेच्या पुढच्या भागाचा, केसांच्या मुळाशी : तिथे स्टॅफिलोकोकस जिवाणूंचा उच्छाद असतो, किंवा कोंड्याच्याच जातीचा त्वचेचा त्रास. दुसरा मागच्या भागाचा, म्हणजे या ग्रंथींचा. पुढच्याला स्वच्छता जास्त लागू पडते, मागच्याला शेक आणि मसाज. बहुतेकांना दोन्ही थोडं थोडं असतं, म्हणून कागदावर दोन्ही लिहिलं जातं. आणि हो, लिहून झाल्यावर दोन मिनिटं देऊन करून दाखवलं जात नाही, ही तक्रार आम्हा लोकांना लागू आहे. मान्य.

रांजणवाडी याच भांडणातून होते. ग्रंथी तुंबते, पिकते, ठणकते. ती पिळायची नाही, दिवसातून तीन-चार वेळा शेकायची. ठणका गेला पण बिनदुखरी गाठ मागे राहिली तर तिला कलेझियन म्हणतात. तिलाही शेकच, आणि महिना-दोन महिन्यांचा धीर.

काचबिंदू असलेल्यांनी किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मसाज आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

खरखरीत :
म्हणजे रोज सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, मरेपर्यंत? वर्षाचे साडेसात दिवस फडकं डोळ्यांवर घेऊन पडायचं? लोक म्हणतात दात घासतो तसंच समजायचं. दात दोन मिनिटांत घासून होतात हो. आणि दात घासताना वाचता येतं.

रातराणी :
खरखरीत, मरेपर्यंत दोनदा नाही. पहिले चार-सहा आठवडे दोनदा. मग आटोक्यात आलं की रात्री एकदा. आता तर मी आठवड्यातून चार-पाचच दिवस करते. पूर्ण सोडलं की तीन आठवड्यांत बोलावणं येतं, तेवढं मात्र नक्की. आणि पडून रेडिओ ऐकता येतो. मला ती पंधरा मिनिटं कुणी हाक मारत नाही, हा वेगळाच फायदा.

अर्धविराम :
काल रात्री स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन बसलो. (हसू नका, पेशाच चुका शोधण्याचा आहे.)

पाणी ४५ अंश. टॉवेल पिळून थर्मामीटरची कांडी घडीत खोचली, तेव्हा ४३. डोळ्यांवर ठेवून एक मिनिट झालं, ४०. दुसऱ्या मिनिटाला ३७. चौथ्या मिनिटाला ३४, म्हणजे माझ्यापेक्षा टॉवेलच गार. म्हणजे मी दोन आठवडे रोज दोनदा दहा-दहा मिनिटं झोपत होतो, त्यातला शेक मिनिटभराचा. बाकी सगळा आराम.

मग कोरडा टॉवेल वरून गुंडाळून पाहिला, तीन मिनिटांपर्यंत ३८च्या वर राहिला. दोन नॅपकिनांची अदलाबदल केली तेव्हा दहा मिनिटं ३९ ते ४१ मध्ये खेळत होता. रातराणी, साष्टांग नमस्कार.

एक शंका. मसाजनंतर पाच-दहा मिनिटं धूसर दिसलं. प्रुफं वाचायला बसलो तर अनुस्वार गायब. हे चालतं का?

कनीनिका :
चालतं. सुटलेलं तेल अश्रूंत मिसळतं आणि दाबामुळे बुबुळावरचा पारदर्शक पडदाही जरासा दबतो. थोड्या वेळात नजर स्वच्छ व्हायला हवी. तासाभरानेही होत नसेल तर दाब फार होतोय. गाडी चालवायला निघण्याच्या आधी मसाज नको.

घरचावैद्य :
एवढा खटाटोप कशाला? टी ट्री ऑइलचे दोन थेंब कापसावर घ्या, केसांच्या बुडाशी लावा, तीन दिवसांत साफ. पूर्ण नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. डोळ्यांतले किडे मरतात.

खरखरीत :
थांबा. हे मी केलेलं आहे, म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकरा वाजता अशीच एक चिठ्ठी वाचून नीट तेल, म्हणजे न मिसळलेलं, कापसाच्या काडीने लावलं. पहिले दहा सेकंद काही नाही. थंड वाटलं उलट. मग पापणी आपोआप मिटली आणि उघडेना. आत कुणी मिरची फिरवावी तसं. नळाखाली डोकं धरून वीस मिनिटं पाणी मारलं, तेवढं शहाणपण सुचलं नशीब. सकाळी पिवळा रंग टाकून तपासलं तर बुबुळावरची वरची साल खरवडल्यासारखी निघालेली. तीन दिवस पडदे ओढून अंधारात. वरचा सगळा कडवटपणा माझ्यात तिथून आलाय असं समजा.

'नैसर्गिक' म्हणे. विंचूही नैसर्गिक असतो.

कनीनिका :
खरखरीत, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

'किडे' हा शब्द ऐकून कुणी घाबरू नका. डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म कोळीवर्गीय जीव आहेत, आठ पायांचे. एक जात केसाच्या मुळाशी राहते, लांबी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर. दुसरी त्याहून आखूड, ग्रंथींत खोल शिरते. वयाबरोबर ते बहुतेक माणसांच्या चेहऱ्यावर सापडतात आणि बहुतेकांना काहीही करत नाहीत. त्यामुळे ते नुसते आहेत म्हणून उपचार नाही. संख्या फार वाढली आणि कड सुजली, तर प्रश्न. त्याची खूण अशी : प्रत्येक केसाच्या बुडाला मेणाची बांगडी घातल्यासारखं गोल कवच दिसतं. सुट्या, सांडणाऱ्या कोंड्यापेक्षा हे वेगळं. खाली बघताना वरच्या पापणीवर चांगलं कळतं.

टी ट्री तेलातल्या टर्पिनेन-४-ऑल या घटकाने हे जीव मरतात, हे खरं. पण शुद्ध तेल डोळ्याजवळ नेणं म्हणजे जखमेला आमंत्रण. ५० टक्क्यांचं द्रावणही दवाखान्यातच, डोळा सांभाळून लावतात. घरी वापरायचे ते तयार, सौम्य प्रमाणातले पुसणे, आणि तेही चुरचुरले तर बंद. २०२० सालच्या कॉक्रेन आढाव्यातही (ही संस्था अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासते) या तेलाच्या उपयोगाचा पुरावा अनिश्चितच ठरला. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डेमोडेक्ससाठी लोटिलानेर ०.२५ टक्के हे थेंब मंजूर केले, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. ते सगळीकडे मिळत नाहीत आणि प्रत्येकाला लागतही नाहीत.

पाटीपेन्सिल :
माझं मूळ वेगळ्याच ठिकाणी निघालं, डोक्यात. शब्दशः. टाळूला कोंडा, भुवयांत कोंडा, नाकाच्या बाजूला लालसर पापुद्रे. मी डोळे धूत बसलेलो. त्वचेच्या डॉक्टरांनी केटोकोनॅझोलचा शाम्पू डोक्याला दिला, आठवड्यातून दोनदा, डोळ्यांत जाऊ न देता. कोंडा हटला तशा पापण्याही निवळल्या. पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त.

पुसण्याबद्दल : मी लहान मुलांचा शाम्पू वापरतो, एका छोट्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी आणि त्यात दोन-तीन थेंब. कापसाची काडी बुडवायची, जास्तीचं पाणी काठावर निथळायचं, खालची पापणी बोटाने जरा खाली ओढायची आणि केसांच्या बुडावरून आडवी फिरवायची. आतल्या ओल्या गुलाबी कडेला लावायची नाही. एक काडी एका पापणीला, म्हणजे दोन काड्या. मग साध्या पाण्याने धुवायचं. वरच्या पापणीला मात्र मी काडी फिरवत नाही, डोळे मिटून बोटांच्या टोकांनीच फेस चोळतो. आरशात बघत स्वतःच्या डोळ्याकडे काडी आणताना हात थरथरतो माझा.

टिपकागद :
पण बेबी शाम्पू आता सांगत नाहीत ना?

कनीनिका :
अजूनही पुष्कळ जण सांगतात, आणि अनेकांना चालतो. पण तो डोक्याच्या केसांसाठी बनवलेला आहे, पापणीसाठी नाही. काहींना त्याने कोरडेपणा आणि चुरचुर वाढते. २०१८ मध्ये एका छोट्या चाचणीत पापण्यांसाठीच बनवलेल्या फेसाची आणि पातळ केलेल्या बेबी शाम्पूची तुलना झाली, त्यात फेस सरस ठरला. त्यामुळे माझा सल्ला : नव्याने सुरू करताय तर पापण्यांचे तयार पुसणे किंवा फेस घ्या. शाम्पूने वर्षानुवर्षं बरं चाललं असेल तर उगाच बदलू नका. दोन्हीपैकी काहीच नसेल तर उकळून कोमट केलेलं पाणी आणि स्वच्छ कापूस. रोज पाण्याने पुसणं हे आठवड्यातून एकदा महागड्या फेसाने पुसण्यापेक्षा कितीतरी बरं.

फुटकळ :
तुम्ही सगळे फारच कष्ट घेताय. मला ओळखीच्या एकाने थेंब दिले, दोन दिवसांत डोळे काचेसारखे. त्रास झाला की घालतो, वर्षभर हेच चाललंय. नाव देऊ का इथे?

कनीनिका :
नाव देऊ नका, बाटली घेऊन तपासायला जा. दोन दिवसांत काचेसारखे म्हणजे त्यात बहुधा स्टिरॉइड आहे. सूज उतरवायला आम्हीही देतो, पण मोजक्या दिवसांसाठी आणि डोळ्याचा दाब मोजत. आपल्या मनाने वर्षभर घातले तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. दाब वाढताना दुखत नाही. नजर कडेने गेली तरी मधलं दिसत राहतं, म्हणून कळत नाही. फुटकळ, हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. याच आठवड्यात दाब मोजून घ्या.

झुळूक :
माझी गोष्ट उलटी, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मलाही लाल पापण्या, खाज, सूज. असाच एक धागा वाचून शेक सुरू केला. प्रत्येक शेकानंतर जास्तच. नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की कड जवळपास ठीक आहे, खपल्या नाहीत, लाल आहे ती पापणीवरची कातडी. कोरडी, सुरकुतलेली, कागद चुरगळल्यासारखी. आणि खाज अशी की झोपेत चोळायचे.

त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढून पाहिल्या. दोषी कोण, तर नेलपॉलिश! बोटांना काहीही झालेलं नव्हतं, कारण तिथली कातडी जाड. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि आपला हात दिवसभर नकळत तिथे जातो. नेलपॉलिश बंद केलं, गार पट्ट्या ठेवल्या, तीन आठवड्यांत गेलं. केसांचा रंग, मस्कारा, इतकंच काय डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा असं करू शकतात म्हणाले. तेव्हा शेकाने वाढत असेल तर अट्टहास करू नका.

रातराणी :
झुळूक, +१. मेकअपचं राहूनच गेलं. त्रास भडकलेला असताना काजळ-मस्कारा पूर्ण बंद. बरं असताना लावलात तरी केसांच्या बाहेरच्या बाजूला लावा, आतल्या कडेवर ओढलेली काजळाची रेघ थेट त्या तेलाच्या छिद्रांवर बसते. मस्काराची नळी तीन महिन्यांनी फेकायची, संपली नसली तरी. लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवसांत चष्मा लावावा. खोट्या पापण्या चिकटवण्याबद्दल मी बोलत नाही, भांडणं होतात.

टिपकागद :
ओमेगा-३च्या गोळ्या? सगळे सांगतात.

कनीनिका :
२०१८ ला 'ड्रीम' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. कोरड्या डोळ्यांचा त्रास असलेल्या ५३५ जणांना वर्षभर, एका गटाला रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि दोघांत फरक निघाला नाही. घेत असाल आणि मानवत असेल तर घ्या, पण शेकाऐवजी नको. स्क्रीनवर काम करणाऱ्यांना मी गोळीपेक्षा एक फुकटचं काम सांगते : पापणी पूर्ण मिटा. एकटक बघताना आपण कमी वेळा आणि अर्धवटच मिटतो. वरची पापणी खालच्या पापणीला टेकल्याशिवाय तेल पिळलं जात नाही. अर्धविराम, परिच्छेद संपला की दोनदा सावकाश.

आडवाट :
एक विचारायचं होतं. वडिलांना, वय ७१, डाव्या वरच्या पापणीत गाठ. दोनदा काढली, दोन्ही वेळा त्याच जागी परत आली. आता तिथले केस गळलेत, कड जाड झालीय. उजवा डोळा अगदी स्वच्छ. ते म्हणतात रांजणवाडीच आहे, शेकतोय. शेक वाढवू का?

कनीनिका :
आडवाट, शेक वाढवू नका, वडिलांना या आठवड्यातच दाखवा. एकाच बाजूला, एकाच जागी परत परत येणारी गाठ, तिथले केस गळणं आणि उतारवय, या तीन गोष्टी एकत्र असल्या की आम्ही तुकडा काढून तपासायला पाठवतो. बहुतेक वेळा साधंच निघतं. पण पापणीच्या तेलग्रंथींचा एक कर्करोग, क्वचित होणारा, असंच सोंग घेऊन येतो आणि महिनोन्महिने शेकला जातो. आधीच्या दोन वेळी काढलेली गाठ तपासायला पाठवली होती का, ते कागद सोबत न्या.

सगळ्यांसाठीच सांगते, घरी थांबायचं नाही अशा वेळा : नजर कमी होणं, उजेड सहन न होणं, नुसती चुरचुर नव्हे तर डोळ्याच्या आत दुखणं. अख्खी पापणी सुजून ताप येणं, डोळा हलवताना दुखणं किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, हे तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. कपाळाच्या आणि नाकाच्या एकाच बाजूला पाणीदार फोड आले तर नागीण असू शकते, तेही लगेच.

अर्धविराम :
सहा आठवडे झाले, हिशोब द्यायला आलो.

पहिले दहा दिवस काही नाही, उलट जास्त खुपलं. तेल सुटायला लागलं की असं होतं का माहीत नाही, पण सोडून देणार होतो. अकराव्या-बाराव्या दिवशी मसाजनंतर भिंगाच्या आरशात पाहिलं तर खालच्या कडेवर, त्या छिद्रांच्या ओळीत, तीन ठिकाणी पांढरट पिवळे ठिपके वर आलेले. खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढे. कापसाला लागले ते लोण्यासारखे ओढले गेले. इतकं किळसवाणं आणि इतकं समाधान देणारं दृश्य बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आता तिथे पारदर्शक थेंब येतो.

खपल्या सकाळी अजून असतात, पण डाव्या डोळ्याला जवळपास नाहीत. रांजणवाडी नवीन नाही. मधे चार दिवस कामाच्या गर्दीत शेक चुकवला, पाचव्या दिवशी कडा लाल. डॉक्टरांकडे परत गेलो होतो, त्यांनी कड दाबून पाहिली, बरं चाललंय म्हणाले. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा विषय निघाला होता, तो तूर्त लांबणीवर. थर्मामीटरची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आकडे लिहून घेतले.

खरखरीत :
मीही सुरू केलंय. कुणाला सांगू नका.

फुटकळ :
दाब मोजला. एका डोळ्यात २८. थेंब बंद, दुसरे सुरू, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. कनीनिका, आभार.

आडवाट :
तुकडा पाठवलाय. अहवाल यायचाय. आधीच्या दोन्ही वेळी पाठवलाच नव्हता.

कनीनिका :
आला की कळवा. इथे नको असेल तर निरोपात.

नवाकोरा :
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही, वेळ नव्हता. मलाही सेम टू सेम त्रास. टॉवेल गरम पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवतो, महिना झाला, फरक शून्य. काय चुकतंय?

अर्धविराम :
आज रात्री टॉवेल ठेवल्यावर दोन मिनिटांनी उचला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मग वरून दुसरा, रातराणींचा प्रतिसाद वाचा.